सोड म्हणण्याआधी

घाटमाथ्यावरच्या एका गावात एक वृद्ध मिस्त्री राहत. कोकणात उतरणारी गाडी त्यांच्या दारात थांबल्याशिवाय सहसा पुढे जात नसे. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. त्यांच्याकडे धनपाल नावाचा शिष्य तीन वर्षे काम शिकत होता. इंजिन खोलणं, क्लच बसवणं, सगळं त्याला येत असे. फक्त ब्रेकचं काम वस्तादांनी अजून त्याच्या एकट्याच्या हाती दिलं नव्हतं. त्यांचे गुडघे आता गाडीखाली शिरायला राजी नव्हते, धनपालच्या बरोबरीच्यांनी स्वतःची गॅरेजं टाकली होती, आणि त्याला सतत एकच गोष्ट सलत होती, की यांचा आपल्यावर विश्वास का नाही?

धनपाल मनाने सरळ, हाताने कसबी. खोड एकच. कोणी काही विचारलं की त्याच्या तोंडून 'झालंच' निघून जाई. नट अर्धा आवळलेला असताना झालंच, चहाचं आधण ठेवायच्या आधी झालंच. यात लबाडी नव्हती. आपणही घरात चप्पल शोधत असताना फोनवर 'पोचलोच' म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. त्यामुळे आपल्याला अशी काही खोड आहे हे धनपालला ठाऊकच नव्हतं.

एके सकाळी कासमभाई आपली जीप घेऊन आले. ते रोज दहा-बारा माणसं बसवून घाट उतरत. ब्रेकचं तेल काळं पडलं होतं, ते बदलायचं होतं. वस्ताद धनपालला म्हणाले, "आज खाली तू बस. मी पेडलवर बसतो. पेडल कडक लागलं, तर आजपासून ब्रेकचं काम तुझं."

हे काम दोघांचं असतं. एकाने वर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळचा छोटा नट सैल करायचा. जुनं तेल नळीतून बाटलीत उतरतं. मग खालच्याने नट आवळून 'सोडा' म्हणायचं आणि त्यानंतरच वरच्याने पाय उचलायचा. नट उघडा असताना पाय उचलला गेला, तर तेलाच्या वाटेत हवा शिरते. असा ब्रेक सपाटीवर कसाबसा निभावतो, उतारावर मात्र ऐन वेळी दगा देतो.

धनपालने बॉनेटखालच्या ब्रेक-तेलाच्या डबीतलं जुनं तेल काढून नवं भरलं आणि रीतीप्रमाणे सगळ्यात लांबच्या, मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली. चारी चाकं झाली. वस्तादांनी पेडल दाबून पाहिलं, ते मऊ लागलं, म्हणजे आत हवा राहिली होती. पुन्हा चारी चाकं केली, पुन्हा मऊ. धनपालने नळी बदलली, नट बदलले, तेलाला नावं ठेवली, शेवटी जीपच म्हातारी झाली म्हणाला. कासमभाई बाकावर बसून घड्याळ बघत होते. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा धनपालला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

वस्ताद खाली उतरले. धनपालला त्यांनी वर बसवलं आणि गुडघे चोळत स्वतः मागच्या चाकाशी बसले. दाब म्हणाले. धनपालने दाबलं. नट सैल झाला तसं पेडल तळाला गेलं. ते तसंच धरून तो पुढच्या शब्दाची वाट पाहू लागला.

शब्द काही आला नाही. आरशात त्याला दिसलं, वस्ताद उठले, नळावर गेले, सावकाश हात धुतले आणि कासमभाईंच्या शेजारी बसून चहा पिऊ लागले. धनपालला काही उमजेना. म्हातारं माणूस, विसरले तर नसतील? त्याने हाक मारली, वस्तादांनी ती कानाआड केली. त्याची मांडी भरून आली, मग पाय थरथरू लागला, मग राग आला. पण पाय त्याने उचलला नाही. कप रिकामा झाल्यावर वस्ताद पुन्हा चाकाशी येऊन बसले आणि म्हणाले, "सोड."

धनपाल लंगडतच खाली उतरला. नट उघडाच टाकून गेला होतात का, असं त्याने घुश्शातच विचारलं.

"नाही. उठायच्या आधीच आवळला होता," वस्ताद म्हणाले. "मी चहा पितोय हे तुला दिसत होतं. मग पाय का नाही उचललास?"

"तुम्ही सोड म्हणाला नव्हतात."

"हेच तर सांगायचं होतं. पेडलवर बसलेल्याला चाकाशी काय चाललंय ते दिसत नाही. त्याच्यापाशी खालच्या माणसाचा शब्द तेवढा असतो. माझा शब्द हाताच्या पुढे धावलेला तू तीन वर्षांत कधी ऐकला नाहीस, म्हणून पाय मोडायला आला तरी थांबलास. तू मात्र पाना फिरवायला घेतोस तेव्हाच सोडा म्हणतोस. अर्धा फेर अजून बाकी असतो, मी पाय उचलतो आणि हवा आत जाते. तुझ्या हातात काही कमी नाही, लेका. शब्द तेवढा घाईत आहे."

माहीत होतं तर पाय उचलत का होतात, असं धनपालने खाली मान घालून विचारलं.

"कासमभाईंच्या मागे बसणारी माणसं काय गाडीखाली वाकून बघणार आहेत? ती तुझ्या शब्दावर बसणार. म्हणून मीही तसाच बसलो."

धनपालला लाज वाटली, आणि त्याहून अधिक सुटल्यासारखं वाटलं. अविश्वास समजून तो ज्यापायी तीन वर्षे कुढला, ती साधी खोड होती आणि दुरुस्त होण्यासारखी होती. तो पुन्हा खाली बसला. नट आवळला. ओठांवर आलेला शब्द त्याने गिळला, पाना एकदा परत लावून पाहिला, चिंधीने पुसून नट कोरडा असल्याची खात्री केली आणि मग सोडा म्हणाला. प्रत्येक चाकाला तसंच. वेळ दुप्पट लागला. नळीत बुडबुडे दिसेनासे झाले आणि पेडल असं कडक लागलं, की वस्तादांनी समाधानाने मान डोलावली.

कासमभाईंनी विचारलं, "काय वस्ताद, निघू का?"

"मला कशाला विचारता? ब्रेकचं काम त्याचं आहे," वस्ताद म्हणाले.

कासमभाई धनपालकडे वळले. त्याने आधी जीपभोवती फेरी मारली. चारी चाकांपाशी वाकून प्रत्येक नटाला बोट लावलं, डबीतल्या तेलाची पातळी पाहिली, झाकण लावलं, वर चढून पेडल स्वतः दाबून पाहिलं. हे सगळं संपेपर्यंत कासमभाई किल्ली हातात घेऊन थांबले होते.

"न्या," धनपाल म्हणाला.

कासमभाईंनी वस्तादांकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. जीप सुरू करून ते थेट माणसं घ्यायला स्टँडकडे गेले.