सात गल्ल्यांचा खेळ

“...पण खेळ बंद का केलात, वस्ताद? कारण तरी सांगा.”

सुकुमार चौगुले तालमीच्या दारात उभा होता. पायांत बूट तसेच. पुण्याहून सकाळच्या गाडीनं निघून तो घरीही न जाता इथं आला होता.

दस्तगीर वस्ताद कुस्तीच्या हौद्यातली लाल माती फावड्यानं वरखाली करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

सुकुमार या तालमीतच वाढला. आता तो कॉम्प्युटर-मोबाईलवरचे खेळ तयार करायचा. ‘सात गल्ल्या’ हा त्याचा नवा खेळ मुद्दाम जुन्या धाटणीचा होता. चौकोनी ठिपक्यांची माणसं, गल्लीतली हाणामारी, लाल ठिपक्यांचं रक्त. एका पैलवानाच्या थोरल्या भावाला तिघं ठार मारतात. मग तो पैलवान आडवा येईल त्याला लोळवत सात गल्ल्या तुडवतो आणि शेवटी त्या तिघांची डोकी फोडतो.

खरी हकिकतही तीच होती, फक्त शेवट सोडून. सुकुमारचा थोरला भाऊ भूपाल हा वस्तादांचा लाडका पठ्ठा. नऊ वर्षांपूर्वी भर बाजारात त्याला तिघांनी गजांनी ठार मारलं. साक्षीदार फिरले. तिघंही सुटले.

तालमीतले पैलवान मोबाईलवर हा खेळ खेळायला लागले, तेव्हा वस्तादांनी तो बंद करायला लावला.

“बाजारात दोनशे माणसं होती,” सुकुमार म्हणाला. “कोर्टात एकानं तोंड उघडलं नाही. परवा त्या तिघांतल्या एकाचा सत्कार झाला. गावानं हार घातले. त्याबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. मी त्याला निदान खेळात तरी शिक्षा दिली, तर तेवढंच तुम्हाला खुपलं?”

वस्तादांनी फावडं थांबवलं.

मग म्हणाले, “खेळून दाखव.”

सुकुमारनं फोन काढला. अंगठे सफाईनं चालत होते. सातवी गल्ली यायला वीस मिनिटं लागली. तिसरा माणूस कोसळला.

“आता?”

“संपला खेळ.”

“पुन्हा खेळायचा तर?”

“पहिल्यापासून.”

“लाव.”

पडद्यावर बाजार उघडला. ठिपक्यांचा भूपाल हात हलवत चालत आला. समोरून तिघं निघाले...

वस्तादांनी मातीनं भरलेला तळहात पडद्यावर ठेवला.

“हे किती वेळा बघितलंस?”

“तयार करताना पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. हजारदा असेल.”

“मग हजारदा त्याला कुणी मारलं?”

सुकुमारनं फोन मागे खेचला.

“मला खुनी म्हणताय तुम्ही? त्याच्यासाठी केलंय मी हे. तोच मेला नाही, तर तो पैलवान लढेल कशासाठी? लढायला काही कारण नको?”

वस्तादांनी फावडं भिंतीला टेकवलं. हौद्याच्या काठावर बसले.

“भूपाल इथं तेरा वर्षं लढला,” ते म्हणाले. “त्याचं कुणी मेलं नव्हतं.”