शेवंतीच्या खुरातलं दुखणं

डोंगरावरच्या लाल वाटेशी हौसाचं इवलंसं घर होतं. दारात एकच घोडी, शेवंती. डोंगर बघायला आलेले पाहुणे तिच्या पाठीवर बसले, तरच घरात चूल पेटायची. आणि एका सकाळी तीच शेवंती लंगडायला लागली! पुढचा उजवा पाय टेकवेचना.

बाबांनी तीन दिवस तिच्या गुडघ्याला हळद-तेल चोळलं. कशाचं काय!

"गुडघाच गेला हिचा," बाबा म्हणाले. "उद्या व्यापारी येतोय. देऊन टाकू."

हौसा रडत रडत जांभळीच्या बनात पळाली. तिथं पोपटी पानांत काय चमकलं? चिमुकली परी! गुलाबी झगा, सोनेरी पंख, पण पंख कोळ्याच्या जाळ्यात अडकलेले. आपलं रडं विसरून हौसानं एकेक धागा अलगद सोडवला.

"गुणाची गं माझी बाय! एक इच्छा माग," परी म्हणाली. "पण स्वतःसाठी नाही हं. आणि 'बरं कर' असंही म्हणायचं नाही. ते काम माणसांचं."

हौसानं डोळे पुसले. "मग शेवंतीला नेमकं कुठं दुखतंय, ते मला कळू दे."

"कळेल. पण तिचा ठणका थांबेपर्यंत तो तुझ्याही पायात राहील."

"राहू दे की!"

परीनं टाळी वाजवली आणि आई गं! हौसाच्या तळपायात कळ उठली. गुडघा मात्र ठणठणीत! ती लंगडत घरी आली.

"बाबा, गुडघा नाही, खूर! हात लावून बघा."

खूर चुलीसारखा तापला होता. बाबांनी लगेच नालबंद इस्माईलचाचांना बोलावलं. चाचांनी नाल काढला, खुराचा तळ जपून खरवडला. भस्सकन काळा पू बाहेर आला.

"अरे, आत पू साचलाय, आणि तू गुडघा चोळत बसलास?" चाचा म्हणाले.

त्याच क्षणी हौसाचा ठणका गेला! मग कोमट मिठाच्या पाण्यात तिनं शेवंतीचा खूर शेकला. चाचांनी वर पोटीस लावून गोणपाट बांधलं.

सकाळी व्यापारी आला, तर शेवंती चारही पायांवर उभी!

"विकायची नाही," बाबा म्हणाले. "आमच्या हौसाची आहे ती."

शेवंतीच्या कानावर बसलेली परी खुदकन हसली. तिनं हौसाच्या तळहाताचा पापा घेतला आणि सोनेरी उजेडात विरून गेली.

तळहातावर एक ऊबदार ठिपका राहिला. घोड्याच्या दुखऱ्या जागेवर हात ठेवला, की तो ठिपका तापतो. आता डोंगरावर कुठलाही घोडा लंगडला, की माणसं गुडघा चोळत बसत नाहीत. आधी हौसाला हाक मारतात.