ठकू धनगरणीचं ओझं

शके अठराशे पंधरा, फाल्गुन वद्य पंचमी. जत्रेचा दिवस, टळटळीत ऊन. तांबखडीच्या फडात हैबती पैलवानाचा गुडघा निखळला. वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज शिवारापलीकडे गेला, असं म्हणतात.

वस्तादांनी त्याला गाडीत घालून बिरोबाच्या डोंगराखाली, ठकू धनगरणीकडे आणलं. ठकू मेंढरांची हाडं बसवायची, माणसांचीही. डोळे मिटले की हाड तिच्या हाताशी बोलायचं, असं म्हणतात. साठी उलटली होती, अंग थकलं होतं. पण दारी आलेल्याला तिनं कधी परत लावलं नाही.

तिनं गुडघा बसवला, बांबूच्या कांबट्या लावल्या, वर लोकर गुंडाळली. मग पाय मोडलेली, तशाच कांबट्या बांधलेली एक मेंढी दाखवली.

"हिच्या मागनं चालायचं. ही बसली की बसायचं. हिच्या म्होरं पाऊल टाकायचं न्हाई."

"मेंढीच्या मागं? पैलवान हाय मी."

"हाय न्हवं. व्हतास."

एकविसाव्या दिवशी हैबती मेंढीला सोडून पुढं गेला. डोंगरापल्याड, ओढ्यात लपून त्यानं बैठका मारल्या. बाराव्या बैठकीला गुडघा पुन्हा गेला. हाक ऐकून ठकू आली. तो पहाडासारखा गडी तिनं पाठीवर घेतला आणि डोंगर चढून अलीकडे आणला. वाटेत कुठं टेकली नाही. तिच्या टाचा खडकात उमटल्या, असं म्हणतात. खडक आहे, ठसेही आहेत.

गुडघा तिनं पुन्हा बांधला. एवढंच म्हणाली, "हे वझं तुझ्याकडं ऱ्हायलं."

त्यानंतर हैबती दहा महिने मेंढीच्या मागं चालला. ऊन, चिखल, थंडी, सगळ्यात चालला. एका सकाळी मेंढी पळाली. मागोमाग तोही पळाला.

चौथ्या वर्षी जत्रेत मानाची कुस्ती त्याची होती. हलगी कडाडत होती. हातात माती घेतलेल्या हैबतीला डोंगराच्या पायथ्याशी ठकू बसलेली दिसली. देवाला निघालेली, पण पाय उचलत नव्हते. तिनं कुणाला हाक मारली नव्हती. हैबतीनं माती खाली सोडली.

वस्ताद म्हणाले, "फड सोडलास तर हरला म्हणतील."

"म्हणू द्या."

तांबखडीत आजही मानाची कुस्ती जिंकणारा आधी गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला पाठीवर घेऊन डोंगर चढतो, मगच फेटा बांधतो. त्या चढणीला कुणाचा गुडघा कधी दगा देत नाही, असं म्हणतात.

हैबतीनं ठकूला पाठीवर घेतलं.

"दमानं," ती म्हणाली. "म्होरं मेंढी हाय असं समज."

वर देवळाच्या पायरीवर त्यानं तिला उतरवलं. तिनं डोळे मिटून त्याचा गुडघा चाचपला.

"फिटलं," ठकू म्हणाली.