गळून पडलेला ‘म्हणे’

“तुमच्यापैकी कुणी तो दोर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता का?”

फार जुन्या काळी एका धाकट्या भावानं हा प्रश्न आपल्या गावातल्या माणसामाणसाला विचारला. सुताराला विचारला, तांबटाला विचारला, विणकराला विचारला. कुणी मान खाली घातली, कुणी विषय बदलला.

ते गाव कारागिरांचं होतं. गावात एक मोठा दगडी चौथरा होता. दूरदेशीचे व्यापारी तिथं उतरत आणि नव्या यंत्रांच्या, नव्या अवजारांच्या बातम्या सांगत. संध्याकाळी कारागीर जमून त्यांवर बोलत. ज्यानं वस्तू करून पाहिली, त्यानं आधी बोलायचं, अशी रीत होती. “मी केलं. तीनदा मोडलं. हे बघा, इथं मोडलं,” असं तो दाखवायचा. ज्याचं बोलणं कामाला येई, त्याच्यापुढं लोक एक फूल ठेवत. आणि गोष्ट ऐकीव असेल, तर शेवटी ‘म्हणे’ लावल्याशिवाय कुणी ती सांगत नसे.

चौथऱ्याचं नाव झालं. लांबलांबून माणसं येऊ लागली. मग करून पाहणाऱ्याचं सावकाश बोलणं ऐकायला कुणाला धीर उरला नाही. जो हशा पिकवी, जो टोमणा मारून दुसऱ्याला गप्प करी, त्याच्यापुढं फुलांचा ढीग पडू लागला. जाणती माणसं एकेक करून उठून गेली.

गावात दोन भाऊ विहिरींतला गाळ काढायचं काम करत. थोरला दोराला धरून आत उतरे, धाकटा काठावर दोर सांभाळी. धाकटा जेमतेम अक्षरओळख झालेला आणि डोक्यानं तापट. थोरला शांत. चौथऱ्यावर त्याचा फार जीव. रहाट बांधायला तो तिथंच शिकला होता.

“दादा, कशाला जातोस तिथं? नुसती कावकाव असते,” धाकटा म्हणायचा.

“खरं आहे रे. पूर्वी माणूस विचारायला यायचा, आता ऐकवायला येतो,” थोरला म्हणायचा. “पण कुणीतरी विचारत राहायला हवं ना?”

एके दिवशी बातमी आली, की परदेशात लाखेच्या रसात उकळून दोर करतात. करंगळीएवढा बारीक, वजनाला हलका. अंबाडीच्या जाड दोरानं थोरल्याचे खांदे सोलून निघत. त्यानं चौथऱ्यावर विचारलं, “हा दोर माणसाचं वजन पेलतो का? कुणी लटकून पाहिलंय?”

“माणूस कोणता? तुझ्यासारखा काटकुळा, का तुझ्या सासऱ्यासारखा?” एकजण म्हणाला. हशा झाला, फुलं पडली.

“करंगळीएवढी असेल तर ती दोरी झाली. आधी नीट बोलायला शिका,” दुसरा म्हणाला. पुन्हा फुलं पडली.

तिसरा आणि चौथा लाख कुठल्या झाडावरची चांगली यावरून एकमेकांचं कूळ काढू लागले. तेवढ्यात एक फेटेवाला उभा राहिला. “अहो, माणसाचं काय घेऊन बसलात? हत्ती पेलतो म्हणे!”

त्या दिवशी सगळ्यांत जास्त फुलं त्याला मिळाली.

दुसऱ्या दिवशी लोहाराच्या भट्टीपाशी कुणी सांगत होतं, “हत्ती पेलतो म्हणे.” पाणवठ्यावर ते झालं, “हत्ती पेलतो हं!” तिसऱ्या दिवशी बोलणं फिरून चौथऱ्यावर आलं तेव्हा एवढंच उरलं होतं: “हत्ती पेलतो.” ‘म्हणे’ वाटेत कुठंतरी गळून पडला होता. कुणी वाकून उचलला नाही.

थोरल्यानं ते ऐकलं. त्यानं लाखेचा दोर केला आणि तो धरून विहिरीत उतरला. अर्ध्यावर दोर तुटला. धाकट्याच्या हातात वरचं टोक राहिलं. त्याला काहीच वजन नव्हतं.

दादाचा तेरावा झाल्यावर धाकट्यानं ‘तो दोर कुणी पाहिला होता का’ असं गावभर विचारलं आणि शेवटी तो चौथऱ्यावर गेला. तिथं बोलणं रंगात आलं होतं.

“दोर कसा तुटेल? गाठ चुकली असणार.”

“वर धरायला कोण होतं? धाकटा? मग संपलंच!”

धाकट्यानं फुलांच्या टोपल्या लाथेनं उधळल्या आणि फेटेवाल्याला दोन थोबाडीत दिल्या. चौघांनी धरून त्याला खाली ढकललं. “अडाणी आहे, जाऊ द्या,” असं कुणीतरी म्हणालं.

घरी वहिनीनं विचारलं, “भाऊजी, मारून काय मिळालं?”

“काही नाही, वहिनी. हात दुखतोय नुसता.”

दोन महिन्यांनी चौथऱ्यावरच्या लोकांनी गावाशेजारच्या खोल घळीवर तसाच लाखेचा दोर ताणला आणि माणसं पलीकडे न्यायला त्याला पाळणा टांगला. पलीकडे जायला एरवी दोन दिवसांचा वळसा पडे. वहिनी तान्ह्याला घेऊन कायमची माहेरी निघाली होती. माहेर घळीपलीकडे होतं.

“पहिला मान तुमचा, बाई! बसा!” फेटेवाला म्हणाला.

“वहिनी, बसू नका,” धाकटा म्हणाला.

“या वेळी तीन पेडांचा केलाय म्हणतात, भाऊजी. लेकराला घेऊन दोन दिवस चालवत नाही हो मला.”

धाकट्याचा हात पुन्हा शिवशिवला. फेटेवाला दोन पावलं मागं सरला. पण धाकटा वाकला आणि त्यानं एक दगड उचलून पाळण्यात ठेवला. मग दुसरा. वहिनीच्या आणि लेकराच्या भाराइतके दगड त्यानं रचले.

“दगडांना माहेरी धाडतोय!” कुणी ओरडलं. सगळे खदखदून हसले.

पाळणा सुटला. मध्यावर दोर तुटला. दगड तळाशी आदळल्याचा आवाज बऱ्याच वेळानं वर आला. वहिनीनं लेकराला छातीशी घट्ट धरलं.

तेवढ्यात मागून आवाज आला, “दगड जरा जास्तच भरले होते.” त्यावरून नवा वाद सुरू झाला.

धाकटा त्या वादात पडला नाही. आठ दिवस बसून त्यानं अंबाडीचा जाड दोर वळला. वळसा घालून पलीकडे गेला, तिथल्या जांभळीला एक टोक बांधलं, दुसऱ्या टोकाला सुतळी जोडून ती गोफणीनं अलीकडे भिरकावली आणि परत येऊन दोर ओढून ताणला. नवा पाळणा टांगून आधी दगड पाठवले, मग चार माणसांच्या भाराइतके दगड, मग तो स्वतः जाऊन आला. शेवटी त्यानं वहिनीला आणि लेकराला सुखरूप पलीकडे नेलं.

त्यांना माहेरी पोचवून तिकडंच मिळेल ते काम करायचं, असं त्यानं ठरवलं होतं. दादाशिवाय त्या गावात त्याचं मन लागत नव्हतं. तरी निघण्याआधी तो घळीच्या पलीकडच्या कडेला आला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून अलीकडच्या लोकांना मोठ्यानं ओरडून म्हणाला,

“ऐका! चार माणसांचा भार मी घालून पाहिलाय, पेलतो. पाचव्याचा पाहिला नाही. रात्रभर भिजवून पाहिला, भिजला की आखडतो आणि वाळला की सैल पडतो, तेव्हा पुन्हा ताणून घ्या. एका पावसाळ्यानंतर काय होईल, ते मला माहीत नाही!”

तात्पर्य: जे आपण पाहिलं नाही, ते पाहिल्यासारखं सांगू नये. बोलणाऱ्याची घटकाभर करमणूक होते, पण ऐकणारा त्याच शब्दांवर आपला जीव टांगतो.