हळू, बाई निजल्यात

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नेमकी किती, ते विचारू नका. उंबरदरीत मोजणारे होते ते गेले, आणि उरलेत त्यांना मोजायचा कंटाळा. पण गोजराबाई होती, हे सगळे शपथेवर सांगतात. आणि ती जन्मभर दमलेली होती, हेही.

दमणार नाही तर काय? नवरा गेला तो मागं फुटाण्यांची भट्टी आणि आंधळी सासू ठेवून. कोंबडा आरवायच्या आत गोजराबाईची भट्टी पेटायची. तापल्या वाळूत हरभरे परतून परतून खांदे भरून यायचे. मग टोपली डोक्यावर घेऊन गावभर फुटाणे विकायचे, सासूला भरवायचं, आणि जरा कुठं पाठ टेकावी म्हटलं, तर दारात पोरं उभी. घाण्याच्या बैलालासुद्धा पोळ्याला सुट्टी असते. हिला तीही नव्हती.

पोरं का, तर उंबरदरीला शाळा नव्हती. शाळा होती ओढ्यापलीकडच्या गावात, आणि तिथला मास्तर आधी छडी मारायचा, मग नाव विचारायचा. पोरं पळून यायची आणि भट्टीपाशी शेकत बसायची. गोजराबाई माहेरी चार बुकं शिकली होती. एकदा तिनं सांडलेल्या राखेत बोटानं एक अक्षर काढून दाखवलं. दुसऱ्या दिवशी पोरं दुप्पट झाली. जागा पुरेना, तेव्हा ती सगळ्यांना आणि टोपलीभर राख घेऊन गावच्या धर्मशाळेच्या ओसरीवर बसायला लागली. शाळा काढायची असं काही तिच्या मनात नव्हतं हो. पोरांना ‘उद्या या’ म्हणाली, एवढंच. माणूस असंच अडकतं.

एके दुपारी ती सातचा पाढा सांगत होती. सात सक बेचाळीस म्हणाली आणि खांबाला टेकल्या टेकल्या तिचा डोळा लागला. दुसरी पोरं असती तर धूम ठोकली असती. पण या पोरांनी तिला पहाटेपासून खपताना पाहिलं होतं. त्यांच्यात ठकू नावाची एक थोराड पोरगी होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

“हळू. बाई निजल्यात.”

आणि उरलेला पाढा तिनंच कुजबुजत पुढं नेला. मोठ्यांनी लहानांना मांडीशी घेतलं. राखेत अक्षरं काढली, चुकली, पुसली, परत काढली. ऊन उतरलं तेव्हा सगळ्यांनी मिळून एकदाच मोठ्यानं म्हटलं, “सात दाहे सत्तर!” आणि गोजराबाई दचकून उठली.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी ती तोंडात हिरवी मिरची धरून शिकवायला बसली. मिरची तोंडात तशीच राहिली आणि बाई निजली. मग ती उभ्यानं शिकवायला लागली. असं म्हणतात, की ती उभ्या उभ्या झोपायची, आणि झोपेतसुद्धा पोरांनी अक्षर चुकवलं की तिच्या भुवया वर जायच्या. खरं-खोटं देव जाणे. पण एक झालं. शिदू नावाचं एक पोर होतं, दौलू पाटलाचा नातू. त्याला महिनोन्‌महिने ‘क’ येत नव्हता. तो बाईच्या झोपेत शिकला, ठकूकडून.

गोजराबाईनं ते पाहिलं आणि मग तिनं मिरची सोडली. पोरांना म्हणाली, “मला मास्तरीण समजू नका रे. मी दमलेली बाई आहे. जमेल तेवढं सांगते. उरलेलं तुम्ही एकमेकांना सांगा.”

बस्स. त्या शाळेचा कायदा तो एवढाच. न मारणं, न ओरडणं, ज्याला येतं त्यानं न येणाऱ्याजवळ जाऊन बसणं.

पण गावाला हे कसं पचावं? आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून. दौलू पाटील चावडीवर गरजला, “बाई शिकवायला बसते का झोपा काढायला? उद्या दुपारी आम्ही येणार. निजलेली दिसली तर धर्मशाळेला कुलूप!” जसा काही हाच तिला पगार देत होता!

गोजराबाईच्या कानावर ते गेलं. ओसरी गेली तर पोरं परत त्या छडीखाली जाणार, नाहीतर गुरांमागं. उद्या काही झालं तरी डोळा लागू द्यायचा नाही, असं तिनं ठरवलं आणि त्या घोरात रात्रभर कूस बदलत राहिली. व्हायचं तेच झालं. दुसऱ्या दिवशी पहिल्याच पाढ्याला तिची मान कलली.

पाटील आला, मागं निम्मं गाव. पाटलाच्या वहाणा मोठ्या करकरणाऱ्या, दोन गल्ल्या ऐकू जायच्या. त्यानं पायरीवर पाय ठेवला आणि ओरडायला तोंड उघडलं, तोच शिदू त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. घरी ताट फेकून देणारा, भिंतीवर चढणारा शिदू.

“आजा,” तो कुजबुजला, “हळू. बाई निजल्यात.” आणि परत जाऊन एका लहानग्या पोरीचा हात धरून तिला ‘क’ गिरवायला लावू लागला.

असं म्हणतात, की त्या घडीला पिंपळावरचे कावळे गप झाले आणि घराघरांतली दळणाची जाती थांबली. साऱ्या गावानं ती कुजबूज ऐकली. पाटील वाकला, वहाणा काढून हातात घेतल्या आणि अनवाणी परत गेला.

ऊन उतरलं, पोरांनी रोजच्यासारखं मोठ्यानं ‘सात दाहे सत्तर’ म्हटलं आणि गोजराबाई उठली. “आले होते का गं?” तिनं ठकूला विचारलं.

“आले होते.”

“काय म्हणाले?”

“काही नाही. वहाणा हातात घेऊन गेले.”

गोजराबाई पदर तोंडाला लावून रडली. खूप रडली बिचारी.

पुढं शाळा वाढली. ओढ्यापलीकडची पोरं यायला लागली. ठकूचं लग्न गावातच झालं आणि तिची लेक त्याच ओसरीवर बसू लागली. भट्टी मात्र सुटली नाही, आणि दमणूकही.

मग एका दुपारी बाई खांबाला टेकून निजल्या. पोरांनी कुजबुजत पाढा म्हटला आणि शेवटी मोठ्यानं, “सात दाहे सत्तर!” बाई उठल्या नाहीत. पोरांना वाटलं, आज फारच दमल्यात. त्यांनी परत सात एके सातपासून सुरुवात केली. दिवेलागण झाली तरी पोरं घरी येईनात, म्हणून ठकू पाहायला आली. तिनं बाईंचा हात हातात घेतला. तो गार होता.

“आई,” तिची लेक हळूच म्हणाली, “अजून एकदा मोठ्यानं सत्तर म्हणू का?”

ठकूनं डोळे पुसले. “नको गं. राहू दे. झोपू दे त्यांना.”

आता तिथं पक्क्या खोल्या आहेत, शिकलेले गुरुजी आहेत. पण दुपारी एक वेळ अशी येते, की गुरुजी गप बसतात आणि पोरं पोरांना शिकवतात. येणारा कितीही मोठा असो, पायरीशी वहाणा हातात घेतो. आणि ऊन उतरलं की सगळी मिळून सातचा पाढा कुजबुजतात. सात नव्वे त्रेसष्टला थांबतात, दप्तरं उचलतात आणि पाय न वाजवता घरी जातात.

सत्तर त्या शाळेत कुणी म्हणत नाही. बाई दमल्यात.