टिचकी न मारलेली बरणी

नदीकाठच्या एका गावात जुनी भांडी विकणारा एक व्यापारी होता. विसूशेट त्याचं नाव. गोष्ट फार जुनी नाही हं! लोक घरबसल्या मोबाइलवर खरेदी करायला लागले, तेव्हाची आहे.

त्याआधी गिऱ्हाईक दुकानात यायचं, बरणी उचलायचं आणि टिचकी मारायचं. खणखणीत वाजली तर घ्यायचं. बद्द वाजली की "ठेवा तुमच्याकडेच" म्हणून चालू पडायचं. आता मोबाइलवर टिचकी मारणार कशी? तिथे विसूशेट लिहील तेच खरं. आणि हे विसूशेटला चांगलंच कळलं होतं.

एकदा त्याच्याकडे चिनी मातीची एक मोठी बरणी आली. वरून तपकिरी, खालून पांढरी, आजीच्या काळातली. विसूशेटनं सवयीनं टिचकी मारली. बद्द! बुडाशी केसाएवढी चीर होती, जुन्या तेलानं काळी पडलेली. त्यानं चिरेत मेण भरलं, वरून पांढरा रंग फिरवला आणि ती बाजू भिंतीकडे करून फोटो काढला. खाली लिहिलं, 'अस्सल जुनी बरणी. एकही तडा नाही.'

बायको म्हणाली, "अहो, चीर आहे ना तिला?"

"अगं, लोक शोभेला ठेवतात. आता कोण लोणचं घालतंय?"

आठवडाभरात बरणी विकली गेली. विसूशेट विसरूनही गेला.

दोन महिन्यांनी त्या गिऱ्हाइकाचा निरोप आला. वर पाच चांदण्या आणि खाली मजकूर:

'शेट, बरणी तुम्ही लिहिलीत तशीच असणार. आमच्या सूनबाईनं पार्सल उघडताना आपटली. लोणच्याचं सगळं तेल फडताळात झिरपलं, वर्षाचं लोणचं वाया गेलं. माणसाकडून चुकतं, पण ही कबूलच करत नाही. तुम्ही तर एकही तडा नाही असं लिहून दिलंय. मग खोटं कोण बोलतंय ते दिसतंच आहे. तिला आता मी काचेच्या भांड्याला हात लावू देत नाही. तशीच दुसरी बरणी पाठवा. या खेपेला पार्सल मी स्वतः उघडेन.'

विसूशेटनं मोबाइल बायकोपुढे धरला. तिनं वाचलं आणि एवढंच विचारलं, "मग? पाठवणार दुसरी?"

आता बघा, गप्प बसला असता तर कुणाला काय कळणार होतं? दुसरी बरणीही खपली असती, नावही राहिलं असतं. पण तो निरोप त्यानं पुन्हा वाचला. कुठल्या कोण मुलीला आपल्यापायी खोटारडी ठरवलंय, या विचारानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक चांगली बरणी कापडात गुंडाळून तो एसटीत बसला.

सासूबाईंना तर हर्षच झाला. "अगंबाई, शेट स्वतः आलात? बसा, बसा!" मग आत वळून म्हणाल्या, "बघ गं सूनबाई, माणसं कशी असतात ते! शीक जरा."

विसूशेटला तिथे बसवेना. "मावशी, आधी ती चिरलेली बरणी आणता?"

सुनेनं बरणी आणून ठेवली. त्यानं बुडाशी नख घातलं, तेव्हा उरलेलं मेण नखात आलं.

"मावशी, ताजी चीर पांढरी असते. ही बघा, वर्षानुवर्षांच्या तेलानं काळी पडलेली आहे. माझ्याकडे आली तेव्हाच होती. मीच ती मेणानं बुजवली आणि वर तडा नाही असं लिहिलं. तुमची सून खरं बोलत होती."

सासूबाईंनी बरणी जवळ ओढून चिरेवर बोट फिरवलं. "जन्मभर बरण्या हाताळल्या मी," त्या हळूच म्हणाल्या, "आणि चिरेचा रंग नाही पाहिला. परक्यानं लिहिलेलं खरं धरलं आणि घरचं माणूस खोटं पाडलं. सूनबाई, चुकले गं मी."

सुनेचे डोळे भरून आले. "आई, तुम्ही रोज म्हणायचात ना, तर मलाच वाटायला लागलं होतं, लागली असेल माझ्याच हातून कुठेतरी."

हे ऐकलं आणि विसूशेटला वाटलं, हिनं चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. लाजेनं त्याची मान वर होईना. त्यानं कापडातली बरणी सोडून पुढे ठेवली. "ताई, ही घ्या. चांगली आहे."

सुनेनं टिचकी मारली. खणखणीत वाजली. तरी तिनं बरणी फिरवली आणि दुसऱ्या बाजूनं मारली. मग उचलून बुडाशी मारली. विसूशेटला म्हणायचं होतं, 'ताई, विश्वास ठेवा.' पण ते म्हणायला त्याला तोंड कुठे होतं? तिच्या टिचक्या संपेपर्यंत तो हात जोडून उभा राहिला.

त्या दिवसापासून विसूशेट वस्तूचा दोष पहिल्या ओळीत लिहितो आणि गुण मागाहून.

तात्पर्य काय, तर आपण झाकलेला तडा जात नाही. तो भलत्याच माणसाच्या माथी बसतो.