युसुफची जुडी

"ती टोपली कुणासाठी राखलीय, बाबा?"

खेळोजीनं विचारलं, तेव्हा दिलावरबाबा चुलीवरचा चिकट सरस ढवळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

गडाखालच्या त्या वस्तीत धनुष्यं बनवणारे आता एकटे बाबाच उरले होते. खेळोजी त्यांच्याकडे शिकायला आला होता. हात चपळ, नेम अचूक, आणि दोन्हींचा गर्व. स्वतःच्या हातानं धनुष्य करायचं आणि दसऱ्याला उत्तरेच्या मोहिमेवर निघायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

मेलेल्या बैलाच्या पायांतल्या शिरा कशा काढायच्या, हे बाबांनी त्याला दाखवलं होतं. सावलीत खडखडीत वाळू दे, मग मोगरीनं ठेचून धागे सुटे कर, ओल राहिली तर कीड लागेल, असं बजावलंही होतं. खेळोजीला धीर नव्हता. त्यानं अर्धवट वाळलेल्या शिरा कातडी पिशवीत कोंबल्या आणि तोंड आवळून टाकलं.

पिशवी सोडली, तेव्हा आत अळ्या वळवळत होत्या.

धनुष्याचं लाकूड तयार होतं. आतल्या बाजूला शिंगाची पट्टीही चिकटवून झाली होती. पण बाहेरच्या बाजूला, पाठीवर, शिरा बसवल्याशिवाय धनुष्य ओढताच मोडलं असतं. आणि बसवल्यावरही मुरायला महिने लागतात. नव्या शिरा वाळवत बसलं, तर दसरा हुकणार होता.

तुळईला टांगलेल्या त्या टोपलीत, कडुलिंबाच्या पाल्यात, शिरांच्या सुट्या धाग्यांची एक जुडी होती. धागे केसांसारखे बारीक.

"ती जुडी युसुफनं ठेचून सोडवलीय," बाबा अखेर म्हणाले.

युसुफ त्यांचा मुलगा. असाच एका मोहिमेबरोबर उत्तरेला गेला, तो परतला नाही. मेल्याची खबर नाही, असल्याचीही नाही. बाबा पाला बदलत, जुडीला वारा देत, पुन्हा टांगून ठेवत.

खेळोजी ती जुडीच मागायला आला होता. आता त्यानं टोपलीवरून नजर काढली.

"मी नव्या शिरा वाळवतो," तो म्हणाला. "पुढच्या साली जाईन."

बाबा उठले. टोपली उतरवली. जुडी नाकाशी धरून उभे राहिले...

मग त्यांनी ती कोमट पाण्यात सोडली.

"बाबा, तो आला तर...?"

धागे मऊ झाले, तसे एकेक सरसात बुडवून बाबा लाकडावर निजवू लागले. खेळोजीनं लाकूड घट्ट धरलं. संध्याकाळपर्यंत जुडी संपली.

धनुष्य माळ्यावर मुरत राहिलं. वाळता वाळता शिरांनी लाकूड उलट्या बाजूला ओढून घेतलं, हवं होतं तसंच. बाबा रोज वर जात, त्याच्या पाठीवरून हात फिरवत. एकदा खेळोजीनं ते पाहिलं, आणि पाय न वाजवता तो खाली आला.

निघायच्या सकाळी तो पाया पडला.

"बाबा, युसुफ कुठं भेटला... तर त्याला काय सांगू?"

बाबांनी धनुष्य मांडीवर घेतलं, पाठीवरून एकदा हात फिरवला, आणि ते खेळोजीच्या हातात दिलं.

"काही सांगू नकोस. एकदा हे त्याला ओढायला दे."